चिठ्ठीसोबतचं वाक्य

भंडाऱ्यात साखरेचा रोग तेव्हा रंगावरून कळायचा. काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण पाच मिलिलिटर, त्यात लघवीचे आठ थेंब आणि खाली स्पिरिटचा दिवा. उकळी फुटली की घरातली सगळी माणसं नळीकडे बघत. निळं ते निळंच राहिलं तर जीव भांड्यात पडायचा. हिरवं झालं तर थोडी साखर, मग पिवळं, मग नारिंगी. विटेचा लाल रंग उतरला की त्या दिवशी ताटातला भात निम्म्यावर यायचा. सत्तरच्या दशकात तुमसर, मोहाडी, साकोलीकडच्या मधुमेही माणसांचा सारा हिशोब या पाच रंगांत बसलेला होता. जिल्हा तेव्हा थेट देवरी-सालेकशापर्यंत पसरलेला. गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. रक्ताची तपासणी करायची तर भंडारा गाठायचा, नाहीतर नागपूरचं मेडिकल किंवा मेयो.

माझं आयुष्य तुमसरमध्ये औषधाच्या काउंटरमागे गेलं. आता डी.फार्म.ची मुलंमुली प्रशिक्षणाला येतात. २०२० च्या नव्या अभ्यासक्रमानुसार त्यांना तीन महिन्यांत पाचशे तास असं प्रत्यक्ष काम करावं लागतं. पुस्तकातली ‘एंडोक्राइन सिस्टिम’ त्यांना तोंडपाठ असते. पण समोर उभ्या माणसाच्या हाती गोळीची पट्टी देताना काय बोलायचं, इथे ती अडखळतात. म्हणून त्यांना मी जुन्या गोष्टी सांगत असतो. त्यातल्या काही जपण्यासारख्या आहेत, काही परत कधीच येऊ नयेत अशा आहेत, आणि दोन्ही माहीत असल्याशिवाय आजचं काम नीट समजत नाही.

त्या रंगीत नळीचंच बघा. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे नळी जे दाखवायची ते काही तासांपूर्वीचं, आणि तेही बांध फुटल्यानंतरचं. साखर धोकादायक खाली गेली तर नळी निळीच राही आणि घरचे निर्धास्त असत. आज बोटाला टोचलं की काही सेकंदांत आकडा समोर येतो. गावागावांत तिशी ओलांडलेल्यांची तपासणी होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीने देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं सांगितलं. ते कळलं, याचं एक कारण मोजणं सोपं झालं हेही आहे.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ ही तपासणीही आता तालुक्याच्या ठिकाणी होते. पण आपल्या भागात तिच्याबाबत एक सावधगिरी हवी, आणि ती इथल्या विद्यार्थ्याने मनात कोरून ठेवावी. पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली, तेव्हापासून हे वैद्यकजगाला ठाऊक आहे. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर फुटतात. त्यांना साखर चिकटायला पुरता वेळच मिळत नाही, आणि मग हा आकडा असतो त्याहून चांगला दिसतो. शिवाय हिमोग्लोबिनच वेगळं असल्याने तपासणीच्या काही पद्धतींत आकडा आणखी चुकू शकतो. इथल्या एखाद्या माणसाचा रिपोर्ट छान आणि बोटाची साखर मात्र चढलेली दिसली, तर ‘सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारा’ एवढं सांगणं काउंटरवरच्या माणसाच्या हातात असतं.

इन्सुलिनची कथा अशीच दोन काळांची आहे. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांवर इलाज म्हणजे उपाशी ठेवणं. पुढच्याच वर्षी बँटिंग आणि मॅक्लिओड यांना नोबेल मिळालं. पण टोरोंटोतून निघालेलं ते औषध आपल्या धानपट्ट्यातल्या घरात नांदायला फार वेळ लागला. बाटली नागपूरहून एसटीने यायची, थर्मासात बर्फ घालून. बर्फाला टेकून इन्सुलिन गोठलं तर ते निकामी होतं, म्हणून बाटलीभोवती फडकं गुंडाळायचं. गावात फ्रिज एखाद्याच घरी. बाकीच्यांना आम्ही सांगायचो: बाटली झाकणाच्या डबीत घाला, डबी माठात ठेवा, माठ सावलीत ठेवून त्याला ओलं फडकं बांधा. वैशाखात पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हाही त्या माठातली बाटली टिकायची. फ्रिज नसलेल्या घरी आजही हाच सल्ला द्यायचा असतो. ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांना मात्र उलटं बजावावं लागतं: बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, दाराच्या कप्प्यात ठेवा.

सिरिंज काचेची होती. ती आणि सुई गंजात उकळायची, सुईचं टोक बोथटलं की दगडावर घासायचं. घरातली एखादी सून किंवा शाळेत जाणारा मुलगा टोचायला शिके. त्या सुईचं दुखणं आठवलं की आजच्या चार मिलिमीटरच्या पेनच्या सुईला मनापासून नमस्कार करावासा वाटतो. औषध तेव्हा गाय-डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे, त्यामुळे काही घरी ते घेण्याआधी मोठा विचार व्हायचा. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. २००३ मध्ये वोखार्टने आपल्या महाराष्ट्रात, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तसं इन्सुलिन तयार करून बाजारात आणलं. नागपूरच्या एसटीची वाट बघणाऱ्या आम्हाला ती बातमी वाचून किती आनंद झाला होता!

पण एक जुना धोका अजून गेलेला नाही. पूर्वी इन्सुलिन एका मिलिलिटरला २०, ४० आणि ८० युनिट अशा निरनिराळ्या ताकदीत मिळे. जगातले बरेच देश १०० युनिटवर गेले. आपल्याकडे बाटलीत बहुतेक ४० आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० अशी दोन मापं शेजारीशेजारी नांदतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. आता हिशोब करा. कुणी पेनमधलं १०० चं औषध ४० च्या सिरिंजने ओढलं आणि वीसच्या रेघेवर थांबला, तर आत जातात पन्नास युनिट. उलट ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज असेल, तर वीसच्या रेघेवर मिळतात फक्त आठ. पहिल्या चुकीने माणूस बेशुद्ध पडतो, दुसरीने साखर चढत राहते. म्हणून बाटलीसोबत सिरिंज देताना दोन्हींवरचा आकडा माणसाला बोटाने दाखवायचा. चिठ्ठीत ‘युनिट’ हा शब्द इंग्रजी यू या एका अक्षराने उरकला, तर तो शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. शंका आली की डॉक्टरांना फोन करायचा. दुधाळ इन्सुलिनची बाटली तळहातांत हळू फिरवायची, खळखळ हलवायची नाही. स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं तर वापरायचं नाही. हे शिकवायला डॉक्टरांच्या ओपीडीत वेळ उरत नाही. तो आपण काढायचा.

गोळ्यांची नावं तर आता ऐकायलाही मिळत नाहीत. रॅस्टिनॉन म्हणजे टोल्ब्युटामाइड, डायबिनीज म्हणजे क्लोरप्रोपामाइड, पुढे डाओनिल म्हणजे ग्लिबेनक्लामाइड. डीबीआय नावाने फेनफॉर्मिनही मिळायचं. त्याने रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं दगावत, म्हणून अमेरिकेने ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस थांबवलं. आपल्याकडे त्याच्यावर बंदी आली २००३ मध्ये. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन मात्र गुणाचं निघालं आणि आज पहिली गोळी म्हणून तेच लिहिलं जातं.

डायबिनीज दिवसातून एकदाच घ्यायची, म्हणून लोकांना आवडे. पण तिचा अंमल दीड-दोन दिवस शरीरात राहायचा. धानाच्या रोवण्याचे दिवस आठवा. पहाटे उठून पऱ्हे खणायचे, बांधीत वाकून दुपारपर्यंत रोवणी. घाईत गोळी घेतली जायची आणि न्याहारी मागे पडायची. मग चिखलातच हातपाय थरथरू लागत, दरदरून घाम फुटे, बोलणं असंबद्ध होई. लोकांना वाटे ऊन लागलं, नाहीतर बाहेरचं काही लागलं. आषाढ लागला की काउंटरवरून आमचं एक वाक्य ठरलेलं असे: “बापू, जेवल्याबिगर ही गोळी घेऊ नका. आन् पदरात, खिशात साखरेची पुडी ठेवा.” आज ग्लिमेपिराइड आहे, ग्लिप्टिन आहेत. व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ च्या डिसेंबरात संपलं आणि एकेकाळी महागडी वाटणारी ती गोळी साध्या घरांच्या आवाक्यात आली. तिने एकटीने साखर सहसा एकदम खाली जात नाही. तरीही ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना साखरेची पुडी आजही लागते. नवरात्राचे नऊ उपवास धरणाऱ्या मावशीला तर ती लागतेच लागते, आणि उपवासाआधी डॉक्टरांकडून गोळ्यांचं वेळापत्रक बदलून घ्या, हेही तिला सांगावं लागतं. ‘जेवल्याबिगर घेऊ नका’ हे वाक्य मात्र आता फारसं ऐकू येत नाही.

चिठ्ठी कशी बदलली तेही सांगतो. तेव्हा डॉक्टरांच्या दवाखान्यातच कंपाउंडर मिक्श्चर करून द्यायचा. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी, एक खाच म्हणजे एक डोस. पुड्या हाताने बांधलेल्या. बाहेरच्या दुकानात आलेली चिठ्ठी वाचायची तर त्या डॉक्टरांचं अक्षर वर्षानुवर्षं ओळखीचं असावं लागे. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. ही लॅटिनची बाराखडी आम्ही पाकिटावर चित्रांत उतरवायचो. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र, जेवणानंतरच्या गोळीला भरलेलं ताट. न शिकलेली म्हातारी ते पाकीट बघून औषध बिनचूक घ्यायची.

आज चिठ्ठी बहुतेक वेळा छापील असते. २०१६ मध्ये वैद्यकीय परिषदेने औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असा नियम केला, त्याने फार बरं झालं. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेमुळे मूळ नावाने औषध मागायला लोक शिकले. चिठ्ठीवर काय असावं हे मात्र औषध नियम १९४५ पासून सांगत आले आहेत: डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचं नाव आणि पत्ता, औषध एकूण किती आणि कसं घ्यायचं. मुलांनो, तारखेकडे आधी बघा. आज लोक मोबाइलमधला फोटो पुढे करतात आणि तो दोन वर्षांपूर्वीचा असतो. थायरॉइडचा डोस तर रक्तातलं टीएसएच तपासून सहा-आठ आठवड्यांनी बदलतो. जुन्या फोटोवर दिलेली गोळी म्हणजे जुन्या आजाराचं औषध. डोकं, छाती, पाय असे शरीराचे भाग पाठ करता तसे चिठ्ठीचेही करा: कुणासाठी, कोणतं औषध, किती ताकद, किती नग, कसं आणि किती दिवस. यातलं एक जरी अंधूक असेल तर अंदाज बांधायचा नाही.

थायरॉइडचं तर सगळंच बदललं. तेव्हा किराणा दुकानात खडा मीठ उघड्या पोत्यातून मापून मिळायचं. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, त्यामागे व्ही. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनच्या मिठावर केलेलं काम उभं होतं. घराघरांत आयोडीनचं मीठ पोचायला पुढे कित्येक वर्षं लागली, आणि २००६ मध्ये बिगरआयोडीन मीठ खाण्यासाठी विकण्यावर देशभर बंदी आली. गळ्याला मोठी गाठ असलेली बाई तेव्हा पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून बाजारात यायची. तिच्या थकव्याला, फुगलेल्या चेहऱ्याला घरचे ‘आळस’ म्हणायचे. आज तिची रक्ततपासणी होते आणि तिला थायरॉक्सिनची इवलीशी गोळी मिळते.

ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. २५, ५०, ७५, ८८, १०० अशा ताकदींच्या सारख्याच दिसणाऱ्या बाटल्या फळीवर शेजारी असतात, तेव्हा बाटली उचलताना एकदा आणि हातात देताना एकदा वाचायची. पहाटे कामाला जाणारी बाई विचारते, “चहासंगं घेतली त चालन का जी?” चालत नाही. अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-पोह्यांच्या अर्धा ते एक तास आधी. गरोदर बाईला आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देते. त्या गोळ्या आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर. बाई दोन्ही गोळ्या नेमाने एकदम घेते, टीएसएच हलत नाही, डॉक्टर डोस वाढवतात. या घोळाचं उत्तर दुसऱ्या तपासणीत मिळत नाही. ‘बाई, या दोन गोळ्या तुम्ही कोणकोणत्या वेळी घेता?’ एवढं विचारलं की ते मिळतं.

उलट बाजूच्या आजारात, थायरॉइड जास्त झाल्यावर, कार्बिमाझोल देतात. देतानाच सांगायचं: घसा दुखला, ताप आला, तर साधी सर्दी समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कधी कधी हे औषध पांढऱ्या पेशी एकदम खाली आणतं. हे एक वाक्य जीव वाचवतं.

स्टिरॉइडबद्दल बोलताना मला जुन्या काळाची बाजू घेता येत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली बाई चालू लागली. हेंच, केंडल आणि राइश्टाइन यांना १९५० मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. तो चमत्कार आपल्या खेड्यांत आला तो ‘ताकदीची सुई’ आणि ‘दुखण्याची पुडी’ होऊन. बाजाराच्या दिवशी कुणीतरी बिननावाची पुडी देई, गुडघे दोन दिवसांत सुटत, भूक लागे, आणि माणूस पुडीवाल्याचं नाव चारचौघांत घेत फिरे. वर्षभरात त्याचा चेहरा गोल होई, कातडी पातळ पडे, साखर वाढे, हाडं ठिसूळ होत. बाहेरून इतकं स्टिरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं बनवणं थांबवतात. मग पुडी एका दिवशी बंद केली की शरीराला ताप, अपघात, शस्त्रक्रिया यांचा धक्का झेपत नाही. म्हणून बरेच दिवस प्रेडनिसोलोन घेतलेल्या माणसाला गोळी हळूहळू कमी करतात. ‘बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका’ हे वाक्य इथे सर्वांत मोलाचं. आज पुड्या कमी झाल्या, पण गोरं होण्याच्या नावाखाली स्टिरॉइडची मलमं आली. मागायला येणारी पोरगी कॉलेजातली असते. तिला मलम नाकारायचं, आणि का नाकारतो ते शांतपणे सांगायचं.

लाल त्रिकोणाच्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. पूर्वी बाई दुकान रिकामं व्हायची वाट बघायची आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायची. आता मागणं सोपं झालं आहे, पण एकवीस गोळ्या हार्मोनच्या आणि सात लोहाच्या का, एक चुकली तर काय करायचं, हे तिला आजही कुणी नीट सांगत नाही.

एवढं सगळं बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. संप्रेरकांच्या औषधांत गोळीइतकंच महत्त्व तिच्यासोबत दिलेल्या वाक्याला आहे. ही औषधं अगदी थोड्या मात्रेत काम करतात, वेळेला बांधलेली असतात आणि बहुतेक जन्मभर चालतात. औषध तेव्हा खरबरीत होतं, म्हणून बोलणं भरपूर करावं लागे. आज औषध इतकं सुबक झालं की बोलण्याची गरज उरली नाही असं वाटू लागलं. पट्टी कातरून पिशवीत टाकली, पैसे ऑनलाइन आले, पुढचा माणूस. सूर्य-चंद्राचं पाकीट गेलं तसं त्याच्याबरोबरचं बोलणंही चाललं आहे.

ते परत आणणं तुमच्या हातात आहे. काचेची सिरिंज नको, विटेच्या रंगाची नळी नको, बिननावाची पुडी तर मुळीच नको. पण बापूंना नावाने हाक मारून जेवण झालं का विचारणं हवं, आणि पाकिटावर सूर्य काढणं हवं. भंडाऱ्याच्या कुठल्याही गावात दुकान टाकाल तेव्हा पाच प्रश्न स्वतःला विचारूनच पट्टी हातात द्या: हे औषध कशासाठी आहे हे या माणसाला माहीत आहे का, किती वाजता घ्यायचं, जेवणाशी त्याचं नातं काय, एक डोस चुकला तर काय करायचं, आणि मनाने बंद केलं तर काय होईल. थायरॉइडची किंवा इन्सुलिनची पहिली चिठ्ठी घेऊन कुणी आलं तर त्याला दोन मिनिटं जास्त द्या. मागे रांग लागली असेल तरी द्या.